तिची भूक जाते कुठे?

तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावाहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी दहा महिन्यांची आहे. त्या स्वतः एका पतसंस्थेत नोकरी करतात आणि सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी सहापर्यंत घराबाहेर असतात. त्या वेळात मुलीला सासूबाई सांभाळतात. घरी म्हैस आहे. पचायला जड जाऊ नये म्हणून निम्मे पाणी घातलेले म्हशीचे दूध बाटलीने, दीडशे मिलिलिटरच्या मापाने, दिवसातून तीन वेळा दिले जाते आणि दुपारच्या बाटलीसोबत चार ग्लुकोज बिस्किटे कुस्करून भरवली जातात. सकाळी, संध्याकाळी आणि रात्री दोन-तीन वेळा मुलगी आईच्या अंगावर पिते. मात्र वरण-भाताचा चमचा दिसला की ती ओठ घट्ट मिटून मान फिरवते. पुण्यातल्या नणंदेचा त्याच वयाचा मुलगा तीन वेळा वाटीभर जेवतो, त्याचे व्हिडिओ फोनवर येतात. सासूबाई म्हणतात, "दुधातच सगळे आहे, दात येऊ द्या, मग खाईल." शेजारच्या बायका म्हणतात, दहाव्या महिन्यात अंगावरच्या दुधाचे पाणी होते, ते तोडा म्हणजे पोरगी आपोआप जेवेल. मुलीचे वजन 7 किलो 600 ग्रॅम आहे. त्यांचा प्रश्न असा: "मी अंगावरचे दूध बंद करावे का?"

प्रिय ताई,

उत्तर आधी सांगते, कारण ते मिळेपर्यंत तुम्ही पुढचे काही शांतपणे वाचणार नाही. अंगावरचे दूध बंद करू नका. तुमच्या घरात काही कमी करायचे असेल तर ते दुसरे दूध आहे.

तुमच्या पत्रात "दूध" हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी आला आहे आणि सारा गोंधळ मला तिथे दिसतो. तुमचे दूध आणि बाटलीतले दूध यांचा रंग सोडला तर बाळाच्या दृष्टीने त्यांत साम्य थोडे आहे. शेजारणींचा सल्ला मानून तुम्ही पहिले तोडले असते तर दुसरे नक्की वाढले असते, कारण रडणाऱ्या मुलीसमोर आजीच्या हाताशी बाटलीच असते. मग मुलगी जेवू लागली नसती. फक्त चांगले दूध जाऊन त्याच्या जागी पाणी घातलेले दूध आले असते.

थोडा हिशोब करू. दहाव्या महिन्यातल्या बाळाला दिवसाला साधारण 700 कॅलरी लागतात. आईचे दूध नीट मिळत असेल तर त्यातून निम्म्याहून थोड्या अधिक कॅलरी मिळतात आणि उरलेल्या सुमारे 300 वरच्या अन्नातून याव्या लागतात. आता तुमच्या मुलीचा दिवस पाहा. तीन बाटल्या म्हणजे 450 मिलिलिटर. त्यात निम्मे पाणी, म्हणजे शुद्ध दूध 225 मिलिलिटर. म्हशीच्या दुधात दर शंभर मिलिलिटरला सुमारे शंभर कॅलरी धरल्या तर झाल्या 225. चार बिस्किटांच्या आणखी 80 ते 100. बेरीज तीनशेच्या वर गेली. वरच्या अन्नासाठी असलेली तिची भूक दुपारी चार वाजेपर्यंतच खर्च होऊन जाते आणि तुम्ही संध्याकाळी घरी येऊन वरण-भाताची वाटी पुढे करता तेव्हा तिने तोंड फिरवणे हा हट्ट नसून पोट भरल्याचे सरळ उत्तर असते. पाण्याचा भाग वेगळाच, कारण त्यात कॅलरी नाहीत पण पोटातली जागा मात्र तो अडवतो. या वयाच्या बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण 30 मिलिलिटर मावते, म्हणजे तुमच्या मुलीच्या पोटात सव्वादोनशेच्या आसपास. त्यात दीडशेची बाटली गेली तर जेवणाला उरते काय?

आता "दुधातच सगळे आहे" या वाक्याकडे येऊ. हे वाक्य चेष्टेने उडवून लावण्यासारखे नाही, कारण पहिल्या सहा महिन्यांपुरते आणि फक्त आईच्या दुधापुरते ते खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनाही तेवढे महिने निव्वळ आईचे दूध, सहा महिने पूर्ण होताच वरचे अन्न आणि त्यासोबत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान, असेच सांगते. सहा महिन्यांनंतर वाक्य लंगडे पडते ते मुख्यतः लोहामुळे. बाळ जन्माला येताना आईकडून लोहाची शिदोरी घेऊन येते आणि ती सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येते. आईच्या दुधातले लोह थोडे असले तरी चांगले शोषले जाते. गाईम्हशीच्या दुधात ते कमीही असते आणि नीट शोषलेही जात नाही, शिवाय त्या दुधातले भरपूर कॅल्शियम आणि प्रथिने जेवणातल्या लोहालाही आडवी येतात. एक वर्षाच्या आतल्या काही बाळांच्या आतड्यातून या दुधामुळे डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म रक्तस्राव होतो, हेही बालरोगतज्ज्ञांना परिचित आहे. म्हणूनच एक वर्ष पूर्ण होईपर्यंत वरचे दूध हे बाळाचे मुख्य पेय असू नये, असे आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. खिरीत किंवा लापशीत घातलेले थोडे दूध आणि वाटीभर ताजे दही यांना हरकत नसते.

दुधावर गुटगुटीत झालेली आणि तरी फिकट पडलेली मुले खेड्यात आणि शहरात सारखीच दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, देशातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी 67 टक्के मुलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. हे केवळ दुधामुळे झालेले नाही. पण तीनपैकी दोन मुले, एवढे प्रमाण असताना "माझी मुलगी त्यात नसेल" असे गृहीत धरण्यापेक्षा हिमोग्लोबिन एकदा तपासून घेणे शहाणपणाचे आहे.

शेजारणींच्या म्हणण्याबद्दलही दोन शब्द. दहाव्या महिन्यात आईच्या दुधाचे पाणी होत नाही. त्यातली स्निग्धता, जीवनसत्त्व अ आणि आजारांशी लढणारे घटक दुसऱ्या वर्षातही मिळत राहतात. ताप किंवा जुलाब झाले की बाळ अन्न सोडते, पण अंगावर पिणे बहुधा सोडत नाही, आणि तेवढ्या दिवसांत त्याला सावरून धरणारे तेच असते. तुमची मुलगी रात्री दोन-तीन वेळा उठते, यालाही मी वाईट सवय म्हणणार नाही. दिवसभर आई नसते, म्हणून ती आपला वाटा रात्री वसूल करते. नोकरी करणाऱ्या आयांच्या बाळांमध्ये हे नेहमी दिसते. तुमची झोप मोडते हे खरे आहे, परंतु जेवण न जाण्याचे खापर या रात्रीच्या पिण्यावर फोडू नका.

आता सासूबाई. तुमच्या पत्रात त्यांच्याविषयी जो सूर आहे, त्याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. डेअरीत घातले तर ज्याचे पैसे येतात ते घरच्या म्हशीचे दूध बाजूला काढून त्या नातीला देतात. नातवाला दूध आणि नातीला ताक, असा हिशोब असलेली घरे मी पाहिली आहेत; तुमच्या घरात तो नाही. त्यांची माया दुधाच्या रूपाने व्यक्त होते आणि म्हणूनच "दूध देऊ नका" हे वाक्य त्यांना "माया करू नका" असे ऐकू येते. त्याऐवजी त्यांना एकदा सहज विचारा, की तुमची मुले दहा महिन्यांची असताना काय खात होती. माझा अंदाज असा, की उत्तर येईल: दादरच्या, म्हणजे आपल्याकडच्या ज्वारीच्या, भाकरीचा कुस्करा, मुगाचे वरण, उन्हाळ्यात नागलीची (नाचणीची) पेज. बाटली आणि बिस्किट या त्यांच्या सासूने शिकवलेल्या गोष्टी नव्हेत. त्या दुकानातून मागाहून आल्या. तुम्ही त्यांच्यावर नवे काही लादत नसून त्यांचेच जुने परत मागत आहात, आणि बोलण्याची सुरुवात तिथून केलीत तर भांडणाला जागा उरणार नाही.

आणि नणंदेच्या मुलाचे व्हिडिओ कृपा करून काही दिवस बघू नका. त्याची वाटी केवढी आहे, तिच्यातले अन्न पातळ आहे की घट्ट आणि समोर मोबाइल लावलेला आहे का, हे त्या व्हिडिओत दिसत नाही. मीही माझ्या मुलाच्या वेळी दुसऱ्यांच्या मुलांच्या वाट्या मोजत बसले होते आणि त्या मोजणीने त्याच्या पोटात एक घासही जास्त गेला नाही.

तुलना करायचीच असेल तर मुलीची तिच्याच मागच्या महिन्याशी करा. मुलींचे दहा महिन्यांचे मध्यम वजन साडेआठ किलोच्या आसपास असते आणि 6 किलो 700 ग्रॅमच्या खाली गेले तर ते कमी वजन मानतात. तुमची मुलगी मधल्या रेषेच्या खाली आहे, पण धोक्याच्या रेषेच्या बरीच वर आहे. एका आकड्यापेक्षा रेषेची दिशा अधिक बोलते. अंगणवाडीतून मिळालेल्या माता व बाल संरक्षण कार्डावर दर महिन्याचा ठिपका देऊन घ्या. नऊ ते बारा महिन्यांच्या काळात महिन्याला दोनशे-सव्वादोनशे ग्रॅमची वाढही पुरेशी असते. पहिल्या तीन महिन्यांतला वेग आता राहत नाही आणि भूक मंदावल्यासारखी वाटते त्याचे हेही एक कारण आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचे. तिन्ही बाटल्या एका दिवसात बंद करू नका. तसे केले तर मुलगी, आजी आणि तुम्ही तिघीही रडाल. दुपारच्या जेवणाआधीची बाटली प्रथम काढा आणि तिच्या जागी जेवणच येऊ द्या, तेही मुलगी झोपेतून उठल्यावर, भुकेली असताना आणि चिडण्याच्या आधी. आठ-दहा दिवसांनी दुसरी बाटली काढून तिच्या जागी दही किंवा फळ द्या. तिसरी काही दिवस वाटी-चमच्याने किंवा छोट्या पेल्याने द्या, पाणी न घालता आणि निम्म्या मापाने, आणि पुढे तीही खिरीत जिरवा. बाटली हे भांडे या घरातून गेलेलेच बरे. जळगाव-भुसावळच्या वैशाखात पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा बूचाच्या खाचेत राहिलेला दुधाचा थेंब तासाभरात नासतो आणि जुलाबाचे कारण होतो.

सासूबाईंच्या हाती जेवण कोणते द्यायचे, याचा विचार त्यांच्याच चुलीवरून करा. तव्यावरची दादरची भाकरी टम्म फुगली की तिचा वरचा पातळ पापुद्रा काढून घ्या, गरम असतानाच तो बोटांनी चुरा, त्यावर मूग किंवा तुरीचे घट्ट वरण घाला, चमचाभर तूप सोडा आणि पाच मिनिटे झाकून ठेवा. मग मिक्सर न लावता बोटांनीच कुस्करा, म्हणजे मऊ पण रवाळ गोळे राहतात. चमचा तिरका केला तर ते घरंगळून जाता कामा नये. चमच्यावर टिकले तर घट्टपणा योग्य आहे. वरणाच्या वरचे पाणी बाळाला "पचायला हलके" म्हणून देण्याची चाल मात्र सोडा, कारण डाळ भांड्याच्या तळाशी राहते आणि बाळाच्या वाट्याला हळदीचे पाणी येते. दात येण्याची वाटही पाहू नका. हिरड्यांनी मऊ घास चावता येतो आणि रवाळ अन्न तोंडात फिरवण्याची सवय दहाव्या महिन्याच्या पुढे लांबली तर पुढे मूल गुठळी लागताच ओकारी काढण्याची शक्यता वाढते.

लापशी घट्ट केली तर मुलगी थोडीच खाते आणि पातळ केली तर तिच्यातले सत्त्व कमी होते, ही अडचण येईल. तिच्यावर जुना उपाय आहे. नागली किंवा मूग भिजवून मोड आणायचे, सावलीत वाळवायचे, हलके भाजून दळायचे आणि शिजवलेल्या घट्ट लापशीत त्या पिठाचे अर्धा चमचा घालून मिनिटभर ढवळायचे. मोडांमुळे धान्यात तयार झालेले पाचक द्रव्य पिठूळपणा मोडते आणि पाणी न घालता लापशी सैल होते. भाजताना आच मंद ठेवा, कारण फार भाजले तर ते द्रव्यच नष्ट होते आणि मग लापशी सैल होत नाही.

केळी "थंड" म्हणून तुमच्या घरात मुलीला दिली जात नाहीत, हे वाचून मला हसू आले. ज्या जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या बागेपासून चार पावलांवर राहून आपण बाळाला पुड्यातले बिस्किट देतो. सालीवर काळे ठिपके पडलेले पिकलेले केळे काट्याने ठेचून द्या. सर्दी विषाणूमुळे होते, केळ्यामुळे नाही. वांग्याचे भरीत करताना भाजलेला गर मिरची घालण्याआधी चमचाभर बाजूला काढून द्यायलाही हरकत नाही. पोट भरायला नव्हे, पण घरातल्या चवीची ओळख व्हायला. लोहासाठी डाळी, उसळी आणि पालेभाज्या बारीक करून द्याव्यात आणि त्यांवर लिंबाचे दोन थेंब पिळावेत, कारण आंबटातले जीवनसत्त्व क लोह शोषायला मदत करते. घरात अंडी, मासे किंवा मटण चालत असेल तर त्यांतले पूर्ण शिजवून, मऊ करून रोज थोडे द्या. तसे लोह भाजीतून मिळत नाही. शेंगदाणे सबंध कधीही देऊ नका, ते घशात अडकतात. भाजून बारीक वाटलेला कूट लापशीत चालतो. वर्षाच्या आत मीठ, साखर आणि गूळ वरून घालू नयेत आणि मधाचे बोटही चाटवू नये. चहात बिस्किट बुडवून देण्याची पद्धत तुमच्याकडे नसावी अशी आशा आहे, कारण चहा लोह अडवतो.

भरवताना एकच मर्यादा स्वतःला घालून घ्या: काय द्यायचे आणि केव्हा द्यायचे हे मोठ्यांनी ठरवावे आणि किती खायचे हे मुलीने. दोन-तीन चमचे खाऊन ती मान फिरवत असेल तर जेवण संपले असे समजून वाटी उचला. नाक धरून घास कोंबला किंवा समोर गाण्याचा मोबाइल धरला तर आजचे चार घास जातील, पण पोट भरल्याची जाणीव ऐकण्याची तिची स्वतःची शक्ती बोथट होईल. नवी चव आठ-दहा वेळा समोर आल्याशिवाय पुष्कळ मुले स्वीकारत नाहीत. संध्याकाळी घरातली माणसे जेवायला बसतील तेव्हा तिलाही मांडीवर न घेता पंगतीत बसवा आणि एक घास तिच्या हाती द्या. निम्मा सांडेल. सांडू द्या. तीन जेवणे आणि एक-दोन मधले खाणे, दर वेळी अडीचशे मिलिलिटरच्या वाटीची अर्धी ते पाऊण वाटी, असे बारा महिन्यांपर्यंत पोहोचायचे आहे. तिथे आजच पोहोचण्याची गरज नाही.

तुमच्या दिवसाचा भाग असा बसवता येईल. सकाळी उठल्याउठल्या अंगावर पाजा आणि घरून निघण्याच्या तासभर आधी लापशी तुम्ही स्वतः भरवा. संध्याकाळी आल्यावर ती तुमच्याकडे झेप घेईल, तेव्हा आधी पाजा. तिथे शिस्तीचा आग्रह नको. जेवण त्यानंतर दीड-दोन तासांनी. पतसंस्थेत दूध काढून ठेवता आले तर उत्तम, पण उन्हाळ्यात ते लगेच फ्रिजमध्ये गेले पाहिजे. आणखी एक गोष्ट बहुतेकींना कुणी सांगत नाही: मातृत्व लाभाच्या तरतुदींनुसार (आधी 1961 च्या कायद्यात, आता सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये) बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला नेहमीच्या विश्रांतीखेरीज रोज स्तनपानासाठी कामातून दोन वेळा मोकळीक मिळण्याचा हक्क आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना तो लागू होतो. तुमची शाखा घरापासून जवळ असेल तर दुपारी एकदा घरी जाऊन यायची परवानगी लेखी मागा.

अशीच पत्रे इतरांचीही येतात, त्यांच्यासाठी थोडे. चौथ्या महिन्यात उष्टावण करून मोकळे होण्याची घाई करू नका, सहा महिने पूर्ण होऊ द्या. पण मुहूर्तासाठी आठव्या महिन्यापर्यंत थांबूही नका. सहा ते आठ महिन्यांत आधी पाजून मग दोन-तीन चमच्यांनी सुरुवात करावी. वर्षानंतर क्रम उलटतो: आधी जेवण, मग दूध, आणि वरचे दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत. आईचे दूध काही कारणाने मिळतच नसेल तर वर्षाच्या आत कोणते दूध द्यायचे हे बालरोगतज्ज्ञांनाच विचारा; दुकानदाराला नको. बाळाच्या दुधाच्या पावडरींची आणि बाटल्यांची जाहिरात करण्यास आपल्या देशात 1992 च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही.

या आठवड्यात तुमच्याकडून दोन कामे व्हावीत. गावातल्या आशा कार्यकर्तीकडून लोहाचे सरबत मागून घ्या. सहा महिन्यांवरील बाळांना ते आठवड्यातून दोनदा, एक-एक मिलिलिटर देतात. ते दुधाबरोबर पाजू नका. आणि मुलीला एकदा डॉक्टरांकडे नेऊन हिमोग्लोबिन तपासा. तळवे आणि पापण्यांच्या आतला भाग पांढरट दिसणे, माती किंवा भिंतीचे पोपडे खाणे, खेळता खेळता गळून जाणे, लागोपाठ दोन महिने वजन न वाढणे, यांपैकी काही असेल तर आठवड्याचीही वाट पाहू नका.

पुढचे तीन आठवडे एका वहीत मुलीने काय खाल्ले-प्यायले ते सासूबाईंना विचारून रोज रात्री लिहा, बिस्किटासकट. वजनाची रेषा त्यानंतरही आडवीच राहिली तर डॉक्टरांकडे जाताना ती वही आणि अंगणवाडीचे कार्ड बरोबर घ्या, आणि जमले तर सासूबाईंनाही, कारण दिवसभराचे प्रश्न विचारले जातील तेव्हा उत्तरे त्यांच्याकडेच असतील.